सोसले गावाला तुम्ही स्वतः गाडी चालवत गेलात

प्रिय अप्पा,

आज दसरा. मिरवणुकीसाठी दुपारपासून बन्नीमंटपाकडचे सगळे रस्ते बंद आहेत, त्यामुळे कितीही मनात आणलं तरी मला बेळगोळला कारखान्यात जाता येणार नाही. श्रीधर अम्मांना घेऊन मित्राच्या गच्चीवरून मिरवणूक बघायला गेलाय. घरात मी एकटी. फोन गप्प. अध्यक्ष झाल्यापासून अशी दुपार मला मिळालीच नव्हती. तुम्हाला तरी कधी मिळाली होती का हो?

पण वेळ मिळाला म्हणून लिहायला बसले असं समजू नका. काल आयुधपूजा झाली. गेल्या वर्षी तुम्ही नुकतेच गेला होतात, म्हणून कामगारांनीच आपापली पूजा केली, घरचं कुणी बसलं नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि अम्माच म्हणाल्या, "आता बसा की. मशिनींनी काय पाप केलं?" तर बसलो. शेवंतीच्या माळा, कोहळे, लिंबं, सगळं तुमच्या वेळेसारखं. आणि भटजींनी संकल्पासाठी विचारलं, "यजमान कोण?"

अप्पा, श्रीधर माझ्याकडे बघतोय, मी श्रीधरकडे. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण म्हणजे? ती बसलीय की पुढं! तिचंच नाव घ्या, आणि शेजारी तिच्या नवऱ्याचं घ्या."

बोलले कोण? तुमचे रघु! आमचे चिकप्पा! (काकाला काका न म्हणता कन्नडातलं चिकप्पा म्हणणारं हे मराठी घर. अकोल्याहून सून होऊन आल्यावर हे समजायलाच मला काही दिवस गेले.) पूजेत मला रडू आलं. भटजींना वाटलं धूप डोळ्यांत गेला.

तुमचा धाकटा भाऊ बेळगोळच्या कारखान्यात उभा राहून मोठ्यानं बोलतोय, हे घडलं कुणामुळे? तुम्ही गेलात तेव्हा पेपरांत किती काय छापून आलं. बँकेच्या शाखा, गाड्यांची दालनं, सुट्या भागांचा कारखाना, दूरदृष्टी, करडी शिस्त. सगळं खरं. पण तुम्ही केलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुणीच लिहिली नाही, कारण ती कुणाला ठाऊकच नव्हती. ती आज मी लिहिते. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते.

सुरुवातीपासून सांगू? मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत इंजिनीअर होते. मुलगी बघायला बसलेला सासरा विचारतो काय, तर "तुमच्याकडे कास्टिंगमधला माल परत किती येतो?" मी आकडा सांगितला. तुम्ही भुवया उंचावल्यात आणि म्हणालात, "आमच्यापेक्षा कमी आहे." अम्मा आतून ओरडल्या, "अय्यो, तिला पोहे तरी खाऊ द्या!" मग तुम्ही हसून म्हणालात, "तुझी मराठी पुस्तकातली आहे, आं. आमची बिसीबेळे भातासारखी. सगळं एकात."

तेव्हाच मला तुम्ही आवडलात. पण भीतीही वाटली. वाटणारच! कापड रंगवणाऱ्या आपल्या माणसांसाठी तुमच्या आजोबांनी पतपेढी काढली, तिची बँक झाली. वडिलांनी सायकलचं दुकान टाकलं, त्याचं पुढे स्कूटरचं, मग मोटारींचं. आणि तुम्ही या दोन्हींचा एवढा मोठा पसारा केलात की हासनपासून चामराजनगरपर्यंत आपल्या नावाची पाटी नसलेलं गाव शोधावं लागे. बँकेतले मोठमोठे अधिकारी तुमच्यासमोर बोलताना चाचरायचे.

आणि हेच तुम्ही, लग्नानंतर मी बेळगोळचं काम बघू लागल्यावर, एका रविवारी मला तिथल्या आवारात बाजूला घेऊन म्हणालात, "एक काम आहे. कोणाला सांगायचं नाही."

मला वाटलं, कुणाला तरी कामावरून काढायचंय.

"मला गाडी शिकव."

"कुठली गाडी, अप्पा? नवीन मॉडेलची माहिती हवी आहे का?"

"माहिती कशाला? चालवायला शिकव!"

मी हसले. मग तुमचा चेहरा बघितला आणि हसणं थांबलं. "अप्पा, तुम्हाला गाडी येत नाही?"

"कोणी विचारलंच नाही की कधी," तुम्ही म्हणालात. "पहिल्यांदा रघु चालवायचा, मी बाजूला बसायचो. मग ड्रायव्हर आला. मत्ते, मग एवढ्या गाड्या विकल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं?"

दर नव्या गाडीच्या वेळी पेपरात तुमचा फोटो यायचा! स्टिअरिंगवर हात, खिडकीतून हसरा चेहरा. आणि त्या सगळ्या फोटोंत इंजिन बंद होतं! सत्तरी ओलांडलेल्या माणसानं हे गुपित कसं सांभाळलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

"पण आता कशाला शिकायचंय?"

"सुम्ने," तुम्ही म्हणालात. उगीच म्हणायचा तुमचा हा आवडता कन्नड शब्द. पण तुम्ही सुम्ने म्हणालात की त्यामागे काहीतरी कारण असतंच, हे मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिकवणार नाही, असं मी सांगितलं. तुमच्या हृदयाचा प्रश्न होताच. डॉक्टर म्हणाले, चालवू देत, फक्त रहदारीत चिडू नका म्हणावं. मग सुट्टीच्या दिवशी फाटक लावून आपली शाळा सुरू झाली. मी ऑटोमॅटिक गाडी आणली होती, ती तुम्ही परत पाठवलीत. "गिअरची आण. याला गाडी म्हणत नाहीत." कोण म्हणत नाही, ते सांगितलं नाहीत. मग सुटे भाग पोचवणारी जुनी छोटी गाडी काढली.

काय ते दिवस, अप्पा! गाडी गचके खात पुढे जायची आणि तुम्ही तिला समजावत राहायचात, "निधान, निधान!" सावकाश जा, असं स्वतःला नव्हे, गाडीला! एकदा रिकाम्या क्रेटच्या थप्पीत घुसलात. सगळे क्रेट टपावर कोसळले. तुम्ही खाली उतरलात, चाकाकडे वाकून बघितलंत आणि विचारलंत, "ब्रेकचे भाग आपल्याच कारखान्यातले काय?"

"हो."

"लागले चांगले. मी उशिरा दाबले."

हजारो माणसांचा अध्यक्ष घामाघूम होऊन मला विचारायचा, "परत सांग. क्लच आधी की ब्रेक?" आणि न चिडता, न लाजता परत करून बघायचा. मी नोकरीत पुष्कळ प्रशिक्षणं घेतली. पण शिकणारा माणूस कसा असावा, ते मी त्या आवारात बघितलं.

परवान्याच्या परीक्षेला तुम्ही रांगेत बसलात. आरटीओचे साहेब धावत बाहेर आले, "सर, तुम्ही इथं? आम्ही घरी आलो असतो की!" तुम्ही जागचे हलला नाहीत. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "अज्जा, नातवाला घेऊन आलात काय?" तुम्ही म्हणालात, "नाही, मीच नापास व्हायला आलोय." आणि झालात की! रिव्हर्समध्ये. परत येताना गाडीत असे खूश होतात, जणू पहिला नंबर आला. "त्या साहेबानं मला नापास केलं, बघितलीस? आपल्या गावात अजून अशी माणसं आहेत!"

दुसऱ्या वेळी पास झालात, आणि त्याच साहेबांच्या बायकोनं देवळात अम्मांचं अभिनंदन केलं. झालं, बिंग फुटलं! अम्मा आधी हसून हसून रडल्या आणि मग खरंच चिडल्या. "मला लग्नात सांगितलं, मुलगा मोटारीच्या धंद्यात आहे. मी म्हटलं, फिरायला नेईल. आता नेणार, गुडघे गेल्यावर!" तुम्ही मान खाली घालून हसत होतात. मला वाटलं, हेच ते सुम्ने. बायकोला फिरवायची हौस.

पण तेवढंच नव्हतं, नाही का?

त्या हिवाळ्यात बेळगोळचा प्रश्न पेटला. मुख्यतः इंजिनाचे भाग बनवणारा कारखाना, आणि बाजारात सगळे विजेच्या गाड्यांबद्दल बोलणारे. एक मोठी कंपनी विकत घ्यायला तयार होती. संचालक मंडळाला विकायचं होतं. मला विकायचं नव्हतं, पण का, ते धड मांडता येत नव्हतं. आणि विकायचं तर चिकप्पांची सही लागणार होती, कारण त्यांचा हिस्सा अजून त्यांच्याच नावावर होता. भांडून घर सोडून ते सोसले गावी गेले, त्याला एक पिढी उलटली होती. तिथे नारळाची बाग आणि पंप-ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड. लग्नात नाहीत, मुंजीत नाहीत. श्रीधरनं त्यांना शेवटचं बघितलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.

वकिलाला पाठवा, असं मंडळानं ठरवलं. तुम्ही म्हणालात, "मी जातो."

सकाळी मी पोर्चमध्ये आले तर ड्रायव्हर बाजूला उभा आणि तुम्ही स्टिअरिंगवर. यावेळी इंजिन चालू!

"अप्पा, हायवे आहे. शहराबाहेर तुम्ही कधी गेला नाहीत."

"बस. आणि बोलू नको."

"ड्रायव्हरला घेऊ या ना."

तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. "ड्रायव्हरनं नेलं तर अध्यक्ष आला म्हणून रघु उठून उभा राहील. मला ते बेड. मला नको ते. घर सोडेपर्यंत तो मला घेऊन जायचा. एकदा मी आपल्या हातानं चालवत त्याच्याकडं जातो."

मी काय बोलणार? मागच्या सीटवर कागदांची फाईल ठेवली आणि पट्टा लावला.

वरुणा गावाजवळ चहाला थांबलो तेव्हा तुम्ही भांडण सांगितलंत. आपल्या घराचा नियम होता, बँकेतला पैसा लोकांचा, तो घरच्या धंद्यात घालायचा नाही. चिकप्पांना माल वाहणारी छोटी तीनचाकी बनवायची होती. कागदावर, लाकडात, पत्र्यात त्यांनी ती करून ठेवली होती. त्यासाठी बँकेनं कर्ज द्यावं म्हणून ते सभेत आले. आणि तुम्ही भर सभेत नाही म्हणालात.

"नियम बरोबर होता," तुम्ही म्हणालात. चहाचा ग्लास हातात तसाच होता. "पण आदल्या संध्याकाळी आम्ही एकाच पंगतीला जेवलो होतो. मला माहीत होतं उद्या काय बोलणार ते. मी सांबार मागितला आणि गप्प बसलो."

पुढे टी. नरसीपूरच्या अलीकडे पुलावर तुमची गाडी बंद पडली. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे बस, हॉर्नचा नुसता कल्लोळ! मी दार उघडायला हात घातला, तुम्ही म्हणालात, "बस." गाडी पुन्हा बंद पडली. पुन्हा. तुम्ही कपाळावरचा घाम पुसून परत किल्ली फिरवलीत. मग ती निघाली, आणि पूल ओलांडल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून जे हसलात! नदीपेक्षा रुंद होतं ते हसू.

चिकप्पा शेडमध्ये एका पंपावर वाकले होते. गाडीचा आवाज ऐकून वळले. त्यांनी आधी तुमच्याकडे बघितलंच नाही. स्टिअरिंगकडे बघितलं. मग तुमच्याकडे. मग परत स्टिअरिंगकडे. हात पुसत जवळ आले, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले,

"क्लच जाळलास रे, अण्णा."

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मला हसावं की रडावं कळेना.

"कोणी चालवली?"

"मीच."

"खोटं."

"लायसन्स दाखवू?"

"तू पास झालास?"

"दुसऱ्या टायमाला. रिव्हर्समध्ये गेलो होतो."

चिकप्पा हसले नाहीत. शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. तुम्ही गाडीतून उतरलात आणि उभ्या उभ्याच बोललात, "रघु, ते मी आदल्या दिवशी घरी सांगायला पाहिजे होतं."

प्रस्तावना नाही, तब्येतीची चौकशी नाही. जे सांगायला एवढं शिकलात, ते एका दमात सांगून टाकलंत.

चिकप्पांनी हातातलं फडकं खांबाला अडकवलं. मग म्हणाले, "नाही म्हटलास त्याचं काय नाही, अण्णा. तू बरोबरच होतास. ती गाडी चालली नसती, नंतर मलाच कळलं. पण तू मला भाऊ म्हणून सांगितला नाहीस. अर्जदार म्हणून सांगितलास. श्री रघुनाथ यांचा अर्ज, असं वाचलास."

"हौदु," तुम्ही कबूल केलंत. "वाचलो."

"तेवढंच लागलं."

मग आतून काकू, म्हणजे चिकम्मा, आल्या, तुम्हाला बघून तोंडावर हात ठेवला आणि तडक स्वयंपाकाला लागल्या. गाडी उन्हात होती. तुम्ही ती सावलीत घ्यायला निघालात, तर चिकप्पांनी हात पुढे केला. "थांब. किल्ली दे. रिव्हर्स मी घेतो."

जेवलो. बागेत फिरलो. तुम्ही दोघं लहानपणच्या कुठल्याशा बैलाबद्दल भांडलात. संध्याकाळी निघालो आणि गावातल्या मठाच्या पुढे आल्यावर माझ्या लक्षात आलं. "अप्पा! कागद?"

"आज नाही."

"आज नाही म्हणजे? मंडळ वाट बघतंय. समोरची कंपनी थांबणार नाही."

"थांबली तर थांबली. आज भाऊ म्हणून आलो होतो. त्याच जेवणावर सही मागू?"

अप्पा, तेव्हा मी तुमच्यावर किती चिडले होते, ते तुम्हाला कधी कळलं का? ती कंपनी खरंच थांबली नाही. दुसरीकडे गेली. मंडळात सगळे माझ्यावर तुटून पडले, सुनेला विकायचं नव्हतं म्हणून तिनं फाईल गाडीतच ठेवली, असं बोलले. तुम्ही त्यांना दटावलंत, हे खरं. पण मला आधी सांगितलं असतंत तर? सोबत घेऊन गेलात आणि मनातलं मात्र सांगितलं नाहीत, ही तक्रार माझी अजून आहे. ऐकून घ्या.

मग एक दिवस फाटकावरून फोन आला, कुणी म्हातारे आलेत, बसनं आलेत, अण्णांचा भाऊ म्हणतात. चिकप्पा! त्यांनी सगळा कारखाना पायी बघितला. भट्टीजवळ सगळ्यात जास्त वेळ थांबले. "इंजिनाची लाइन द्यायची तर दे," मला म्हणाले. "भट्टी देऊ नको. गाडी विजेची असो नाही तर वाफेची, धातू ओतायलाच लागतो." माझ्या मनात हेच होतं, फक्त मांडता येत नव्हतं. त्यावर मी हिशेब केले, कंपन्यांशी बोलले, विजेच्या स्कूटरच्या मोटरीची कवचं बनवायचा बेत मांडला. इंजिनाची लाइन एका लहान कारखानदारानं घेतली, माणसांसकट. काही जण आपणहून गेले, दोघं-तिघं माझ्यावर नाराज होऊन गेले. भट्टी राहिली. सहीचे कागद चिकप्पांनी चष्मा लावून पूर्ण वाचले आणि हसत सही केली.

आणि सगळं त्यांचंच ऐकलं असं नाही हं! जुन्या मशिनीच दुरुस्त करून वापरू, असा त्यांचा हट्ट होता. मी नवीन घेतल्या. आठवडाभर बोलले नाहीत. मग स्वतःच येऊन नव्या मशिनीचं झाकण उघडून बसले.

तो जूनमधला शनिवार आठवतो? तुम्ही अम्मांना ओब्बट्टू, आमच्याकडच्या पुरणपोळ्या, करायला सांगितलंत. सोसलेहून दोघं आली होती. पानं वाढली आणि तुम्ही म्हणालात, "सोमवारी मंडळापुढं सांगणार आहे. आज घरी सांगतो. बँक श्रीधर बघतोय तशीच बघेल. सगळ्याचं अध्यक्षपद सुजाताकडं."

माझा घास हातात राहिला. मी श्रीधरकडे बघूच शकले नाही. तो तुमचा मुलगा, अप्पा! एकुलता एक!

तुम्ही त्याच्याकडे वळलात. "श्रीधर, दुखलं तर इथं बोल. सभेत नको."

त्यानं पान जरा पुढे सरकवलं. "दुखलं," म्हणाला. "थोडं." मग म्हणाला, "पण खरं सांगू? सुटल्यासारखंही वाटतंय. मला बँक आवडते, अप्पा. बाकीच्याच्या काळजीनं मला झोप लागत नव्हती." आणि अम्मांना म्हणाला, "आणखी एक ओब्बट्टू वाढ."

तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. त्या जेवणानं माझा संसार वाचवला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. हीच गोष्ट त्याला सभेत कळली असती तर काय झालं असतं?

त्या पावसाळ्यात तुम्ही दर शुक्रवारी अम्मांना गाडीतून देवीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणायचात. अम्मा शेजारी बसून सूचना द्यायच्या, तुम्ही एकही ऐकायचा नाहीत. गणपती गेले, आणि त्यानंतर एका दुपारी तुम्ही व्हरांड्यात पेपर घेऊन बसला होतात. अम्मा शेंगा सोलत कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होत्या. "हूं तरी म्हणा की!" त्या रागावल्या. तुम्ही हूं म्हटलं नाहीत.

असं जाणं सगळ्यांना मिळत नाही. सगळे हेच म्हणाले, आणि मलाही ते पटतं. रडले मी खूप. पण राहून गेलं असं तुमचं काही दिसत नव्हतं, आणि त्याचाच आधार वाटला.

आता कसं चाललंय म्हणाल, तर बरं चाललंय. नव्या भागात ऑर्डरी आहेत. श्रीधर बँकेत खूश आहे, आणि माझा एक प्रस्ताव त्यानं मागच्या महिन्यात परत पाठवला, तोही नियमावर बोट ठेवून! घरी येऊन आधी सांगितलं आणि मग परत पाठवला. मी दोन दिवस फुगून बसले, मग त्याचं बरोबर आहे हे कबूल केलं. चिकप्पा मंगळवारी येतात, चिकम्मांच्या हातची चटणी आणतात आणि माझ्याशी एकदा तरी भांडून जातात. मंडळाला बँकेच्या दालनात तुमचा पुतळा बसवायचा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून नको म्हटलं. बरं केलं ना?

एक गोष्ट मात्र तुमच्यावर बाकी आहे. परवा अम्मा सहज म्हणाल्या, "तुझ्या आईला मी कधी तिच्या घरी जाऊन भेटलेच नाही. लग्नही इथंच झालं, तेव्हापासून तीच येते." दोघी दर रविवारी फोनवर तासभर बोलतात. पण अम्मांनी अकोला बघितलेलं नाही. अकोलाच काय, कोल्हापूरच्या पुढे त्या कधी गेल्याच नाहीत. "हे म्हणायचे, जाऊ या, मार्च संपू दे. मत्ते म्हणायचे, दिवाळीची विक्री होऊ दे." किती मार्च संपले असतील, अप्पा? किती दिवाळ्या झाल्या? एवढ्या मोठ्या समूहात तुमच्याशिवाय आठ दिवस अडलं असतं असं काय होतं?

मी म्हटलं, "अम्मा, आपण जाऊ या. दिवाळी झाली की."

त्या लगेच म्हणाल्या, "आणि कंपनीचं? तुझी मीटिंग असेल की."

"असेल. पुढे ढकलेन."

"अशी ढकलता येते?"

"येते, अम्मा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, अप्पा, जणू मी काहीतरी भलतंच धाडस करायला निघालेय. तुम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं का, की मीटिंग पुढे ढकलता येते म्हणून?

तर हे माझं वचन. तुमची खुर्ची मी तुमच्यासारखी चालवेनच असं नाही. पुष्कळ ठिकाणी वेगळी चालवेन, चुकेनही. पण घरातल्या माणसांना मार्च संपू दे म्हणणार नाही. दिवाळीनंतरची तिकिटं सकाळीच काढली. मंडळाच्या सचिवांना कळवून टाकलं, अध्यक्ष आठ दिवस रजेवर आहेत. त्यांनी दोनदा विचारलं, "मॅडम, तातडीचं काही आहे का?" मी म्हटलं, "हो. फार तातडीचं आहे." आई तिकडे आतापासूनच पाहुणचाराची तयारी करतेय, आणि इकडे अम्मांनी बॅग भरून दाराशी ठेवलीय.

तुमची,
सुजाता